धुऱ्याकडच्या दोन ओळी

भगवानराव आणि भागीरथा यांचं ते भांडण झालं तेव्हा मी त्यांच्या आणि आमच्या वावरामधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीच्या आड, शिदोरी सोडून बसले होते. अशा वेळी 'कानावर पडलं' म्हणायची रीत आहे. मी मात्र तोंडातली भाकर चावायची थांबवून ऐकलं.

पंचवीस वर्षं तरी झाली असतील. पेरणीचे दिवस होते. आमच्या आर्णीच्या भागात सोयाबीन नुकतंच आलं होतं आणि जो तो त्याच्या मागे लागला होता. त्याआधी सगळ्यांच्या वावरात एक चाल होती. तिफणीमागे घरची बाई ओटीत बियाणं बांधून चालायची आणि धुऱ्याला लागून दोन ओळी घरच्या म्हणून पेरायची. ज्वारी, आंबाडी, बरबटी म्हणजे चवळी, मूग, तीळ, वाळकाचे चार दाणे, सगळं एकात एक. त्या ओळींतलं काही बाजारात जायचं नाही. घरात शिजायचं. आणि पहिला खुडा, म्हणजे पहिली खुडलेली भाजी, गावात जी कोणी पोटुशी असेल तिच्या घरी जायचा, मग त्या घराशी आपलं बोलणं असो की नसो.

"या दोन ओळी कायले वाया घालून राह्यली वं?" भगवानराव म्हणत होते. "सोयाबीन टाक. सारं वावर एकसारखं दिसते."

"दिसाले काय करायचं? तुमी वावर पाहून पोट भरता का?"

"सारा गाव पेरून राह्यला. तूच एकटी शहाणी?"

"सोयाबीन भाकरीसंग लागते काय, ते सांगा. आणून देते एक कुडव. खासान?"

"खाईन!"

"खा मंग!"

भागीरथा बोलली की करायचीच. संध्याकाळी तिनं सोयाबीन उकडायला घातलं, तिखटमीठ लावलं आणि नवऱ्याच्या ताटात वाढलं. ते धड शिजलं नव्हतं. पण भगवानरावही हट्टी, सगळं संपवून उठले. दुसऱ्या दिवशी दुपारी धुऱ्यावर आले, चेहरा पार उतरलेला, आणि मला म्हणाले, "वहिनी, तुमच्यापाशी ओवा आहे काय जी?"

ओवा दिला. तो चावत ते बायकोकडे गेले आणि म्हणाले, "त्या दोन ओळी तुह्या. मी हाय तवलोक कोनी हात नाई लावणार."

ही गोष्ट गावात इतकी फिरली की पोरं सोयाबीनच्या पोत्यावर बसून भगवानरावांची नक्कल करायची. भागीरथा जिंकली ती अशी. पुढं जे झालं त्याचं मूळ त्या जिंकण्यातच होतं असं मला वाटतं, म्हणून हे आधी सांगितलं.

भागीरथा आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. ती उंच, काटक, पावलं लांब टाकणारी. मी दुसरी तरी शिकले, तिनं शाळेचा उंबराही पाहिला नव्हता. पण पानं तिला अशी ओळखू यायची जशी मास्तराला अक्षरं. तरोटा, चिवळ, कुंजर, तांदुळजा. कापसात, ज्वारीत, धुऱ्यावर आपसूक उगवायचं ते सगळं. लोक त्याला तण म्हणायचे, ती भाजी म्हणायची. खुडायच्या आधी एक पान स्वतः चावून पाहायची, मग शेंड्याची तीन-चार पानं घ्यायची, झाड ठेवायची. माझ्या धाकट्याच्या वेळी पहिला खुडा तिनंच आणला होता. आंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून. वर कच्चं तेल. अजून ती चव जिभेवर आहे.

मग पराटीचं, म्हणजे कापसाचं, एक चोरटं बियाणं आलं. बिलाशिवाय मिळायचं, पण मिळायचं सगळ्यांना. त्याच्यावर तणनाशक मारलं तरी पराटी मरत नाही, बाकी सगळं मरतं. निंदायला बाया मिळेनाशा झाल्या होत्या, तर लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मी कोणाला नावं ठेवत नाही, माझ्या मुलानंही घेतलं. पहिल्या वर्षी वावर असं साफ झालं की वाटलं कोणी सारवून ठेवलंय. मला बरंही वाटलं. कंबर वाचली माझी. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की धुऱ्यावर तरोटा नाही. तिसऱ्या वर्षी चिवळ नाही.

भगवानरावांनी मात्र शब्द पाळला. फवारणीच्या दिवशी दोन काठ्यांना बारदाना बांधून ते स्वतः त्या दोन ओळींच्या आडोशाला उभे राहायचे. वारा येईल तसा बारदाना सरकवायचे. गडी हसायचे. "मालक, तुमी तं लग्नातला अंतरपाट धरला!" ते म्हणायचे, "धरला. तू फवारा मार, मंगलाष्टकं नको म्हणू."

आठ वर्षांपूर्वी ते छातीच्या दुखण्यानं गेले. शेती कपिलच्या अंगावर आली. कपिल त्यांचा सगळ्यात धाकटा, दोघी बहिणी सासरी. चांगला पोरगा आहे, कष्टाळू. त्याला बारदाना धरून उभं राहायला सवड नव्हती. दोन वर्षं भागीरथा स्वतः धरून उभी राहिली. मग तिचे गुडघे गेले. बसली तर उठता येईना, त्या ओळी निंदणार कोण? तिसऱ्या वर्षी मी धुऱ्यावर होते. कपिल पाठीवर पंप घेऊन तिच्यासमोर आला.

"आई, काय करू वं? सोडू का मारू?"

भागीरथा ओळींकडे पाहत राहिली. बरबटीला वेल फुटले होते. मग म्हणाली, "मार."

चार दिवसांनी बरबटी पिवळी पडली, त्यानंतर आंबाडी. आठव्या दिवशी दोन ओळी अशा उभ्या होत्या, जशा चुलीतून काढलेल्या. पुढच्या हंगामात तिथंही पराटी लागली. गावात कोणाला तिनं सांगितलं नाही. मला म्हणाली, "मानी, तू पाह्यलं नाई असं समज." मी समजले. कशाला बोलू? भगवानरावांना सोयाबीन चारून जिंकलेल्या ओळी होत्या त्या. आपल्या हातानं घालवल्या हे चारचौघांत कोण सांगेल?

त्याच वर्षी कपिलचं लग्न झालं. दिपाली बाभुळगावकडची, बारावी शिकलेली, बोलकी. घरात आली आणि घराला आवाज आला. सासूच्या मागे मागे फिरायची. "आई, ती सोयाबीनची गोठ सांगा ना," म्हणून रोज लावायची, आणि ओव्याजवळ आलं की स्वतःच आधी हसायची. भागीरथाही सांगायची, रंगवून. गोष्टीच्या शेवटी त्या दोन ओळी अजून वावरात होत्या. दिपालीला अजून वावरात कोणी नेलं नव्हतं, आणि कपिल या बायकांच्या बोलण्यात नसायचा.

पुढल्या वर्षी दिपालीला दिवस गेले. तिला वास सोसेना. बाजारची मेथी घरात आली की नाकाला पदर. "औषधाचा वास येते, आई, पाय धरते मी तुमचे, पण हे नका देऊ." चहा आणि बिस्किटावर दिवस काढायची. पाचव्या महिन्यात आमच्या गावच्या आशा सेविका इंदुताईंनी बोटातून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊ निघालं. त्यांनी रक्तवाढीच्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या दिल्या. "रोज एक, विसरायचं नाई."

गोळीनं दिपालीला मळमळ सुटली. दोन दिवस घेतली, तिसऱ्या दिवशी ओकली. आणि भागीरथा म्हणाली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण आमची पडवी आणि त्यांची पडवी यांत एकच भिंत आहे, "ठेव तिकडे डब्यात. मी तीन लेकरं काढली, एक गोळी नाई पाह्यली. आपल्या ओळीतली भाजी चारते तुले. पाह्य कसं रक्त चढते."

"ओळीतली असन तं खाईन," दिपाली म्हणाली.

झालं. आता माघार कशी घ्यायची?

मी आर्णीच्या बाजारात गेले होते तेव्हा ती मला दिसली. पालेभाजीच्या दुकानापुढे गुडघे धरून बसलेली, आंबाडी निवडत होती. हाताएवढी पानं, काळीभोर, पाण्यानं टवटवीत. दोन जुड्या घेतल्या, मुळं तिथंच मोडून टाकली, दोरा सोडला आणि पानं ओच्यात मोकळी केली. वावरातून खुडून आणल्यासारखी. भाजीतल्या कण्यांसाठी मूठभर ज्वारीही दुकानातूनच घेतली.

मी जवळ गेले. म्हटलं, "ओळीतली काय वं?"

ती दचकली. मग म्हणाली, "बोलू नको, मानी. पोरगी खाते त्या नावानं. खाऊ दे."

मी हसले. आता त्या हसण्याची आठवण आली की तोंड कडू होतं. पण तेव्हा मला त्यात काय वाईट दिसणार? आंबाडी ती आंबाडी. कोणाच्या का वावरातली असेना. मला वाटलं म्हातारी मोठी कसबी आहे. घरी येऊन मी माझ्या सुनेलाही सांगितलं नाही.

दिपाली खाऊ लागली. पाण्यानं चार वेळा धुतलं की वास जातो म्हणून भागीरथा चार वेळा धुवायची, मग दोनदा उकळून पाणी काढून टाकायची. उरत काय असेल त्या पानात, देव जाणे. वर फोडणी. ताटात हिरवं दिसायचं. इंदुताई यायच्या आणि विचारायच्या, "गोळी चालू हाय ना?" दिपाली सासूकडे पाहायची आणि म्हणायची, "हो." सासूचं नाव खाली जाऊ नये म्हणून पोरगी खोटं बोलली. आणि सासू पोरीनं खावं म्हणून. आणि मी शेजारीण म्हणून गप्प. तिघींचा तो एक डबा होता म्हणा ना, झाकण लावलेला.

आठव्या महिन्यात ती पडवीत उभी राहिली की भिंत धरायची. ओठ कागदासारखे. दोन पायऱ्या चढली की धाप. मी एकदा म्हटलं, "पोरी, पांढरी दिसून राह्यली तू." तर म्हणाली, "मोठीमाय, पहिलटकरणीचं असंच असते म्हणतात आई." इंदुताईंनी पुन्हा तपासलं तेव्हा साडेसहा निघालं. त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला. यवतमाळला न्यायचं ठरलं, दुसऱ्या दिवशी सकाळी.

पहाटेच कळा लागल्या, महिना आधी. गाडी वेळेत आली, इस्पितळात पोचलीही वेळेत. दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या लावल्या. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. मुलगी झाली. रक्त थांबलं नाही. अंगात असतं तर थोडं गेलं तरी निभलं असतं, पण जायलाच फार नव्हतं. दुपारी अडीचला दिपाली गेली. तेवीस वर्षांची होती.

तेराव्यानंतर कपिल कपडे आवरत असताना त्याला तो डबा सापडला. बिस्किटाचा, चौकोनी. आत लाल गोळ्यांच्या पट्ट्या, तीन गोळ्या सोडल्या तर भरलेल्या. तो बाहेर आला आणि पडवीत बसलेल्या आईसमोर त्यानं डबा उपडा केला.

"हे काय होय, आई?"

भागीरथा पडलेल्या पट्ट्या गोळा करू लागली.

"ते भाजी कुठली होती? आपल्या ओळी तं मी जाळल्या ना! मले कायले नाई सांगतलं? मी का तुले मारलं असतं?"

मी भिंतीच्या अलीकडे होते. उठून गेले नाही, ऐकत राहिले. त्या दिवसापासून कपिल आईशी बोललाच नाही. जेवायला बसायचा, उठायचा. बाळाला दिपालीची आई बाभुळगावला घेऊन गेली. त्या घरात दोन माणसं राहिली आणि आवाज भांड्यांचा.

भागीरथा रडली नाही. लोकांनी त्याचेही अर्थ काढले. महिनाभरानं एका सकाळी ती माझ्या दारात उभी. "चाल. आर्णीले जायचं हाय. तिथल्या डॉक्टरीणबाईले विचारायचं हाय." मला बरोबर कशाला, तर म्हणाली, "तू पाह्यलं होतं बाजारात. तुलेही ऐकाले पायजे."

आर्णीच्या सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तरुण, कामाच्या घाईत. पण भागीरथा स्टुलावर बसली आणि हलेना.

"बाई, मले एक सांगा. माह्या तीन बाळंतपणात मी गोळी नाई पाह्यली. मंग माहं काहून निभलं, अन् तिचं काहून नाई?"

"आजी, तुमच्या वेळी घरात काय काय शिजायचं?"

भागीरथानं बोटांवर मोजलं. ज्वारी, तीळ, जवस, बरबटी, मूग, आंबाडी, तरोटा, चिवळ. बोटं संपली तशी पहिल्यापासून सुरू केलं.

"आणि सुनेला?"

"रेशनचा तांदूळ. आलू. वरण. अन् बाजारची भाजी. पण हिरवीगार होती, बाई."

"हिरवी असतेच. युरिया टाकला की पान भराभर वाढतं, पाण्यानं फुगतं. कस त्याच मापानं वाढेलच असं नाही. वर तुम्ही उकळून पाणी फेकलंत. आणि तुम्ही बारा जिनसांतून थोडं थोडं घ्यायच्या, तिच्या ताटात चार." मग बाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, "पण खरं सांगू? ओळीतली भाजी असती तरी तिला गोळी पाहिजेच होती. तुमच्या काळातही बायका जायच्या, आजी. तुम्ही वाचलात म्हणून इथं बसून विचारताय."

मला माझी जाऊ आठवली. अठराव्या वर्षी गेली, दुसऱ्या खेपेला. आम्ही म्हणायचो, बाहेरचं लागलं.

भागीरथानं एवढंच विचारलं, "गोळी कशी घ्यायची, ते सांगा." बाईंनी सांगितलं. लिंबाच्या पाण्यासोबत घ्या. आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको. मळमळ झाली तर जेवणानंतर, पण सोडायची नाही. भागीरथानं ते तीनदा म्हणून दाखवलं, पाढ्यासारखं.

त्या हंगामात कपिलची पराटी वीतभर झाली होती. भागीरथा फतकल मारून धुऱ्यालगतच्या दोन ओळींत बसली आणि बसल्या बसल्या सरकत, एकेक रोप उपटत गेली. तीन दिवस लागले. कपिलनं पाहिलं, अडवलं नाही. मग तिनं काठीनं माती उकरून बी टाकलं. ज्वारी माझ्याकडची, आंबाडीचं बी तिच्या बहिणीकडून दिग्रसहून. तरोटा आपसूक यायला हवा होता, तो आला नाही. जमिनीत बी असेल तर येईल ना? माझ्या नातवाला मी म्हटलं, आपल्या बाजूनं धुऱ्याकडे तीन ओळी फवारू नको. त्यानं ऐकलं. ऐकणारच, जेवायला मी वाढते.

फवारणीच्या दिवशी भागीरथा काठी टेकत निघाली तर वावरात कपिल आधीच उभा. गड्याकडे पंप दिलेला, आणि स्वतः दोन काठ्यांना बांधलेला तो बापाचा बारदाना धरून. आईशी तेव्हाही बोलला नाही. वारा येईल तसा सरकत राहिला.

आणि मग मंगळवार सुरू झाले. गावात पोटुशी बाई असलेलं प्रत्येक घर भागीरथा मंगळवारी धरायची. कापडात बांधलेली भाजी आणि एक लिंबू. दारात बसायची, भाजीतलं एक पान आधी स्वतः चावायची, मग कापड सोडायची. आणि कुठंही, कोणासमोरही, एकच बोलणं: "मी बाजारची भाजी वावरातली म्हून चारली. गोळ्या डब्यात ठेवाले लावल्या. माही सून गेली. आता तू आण तुही गोळी."

गोळी गिळली की, "तोंड उघड. जीभ वर कर." लहान पोरासारखं. एकदा एकीनं गालात धरून ठेवली होती. भागीरथा तिच्या घरी दीड तास बसली.

कोणी चहा विचारला तर नाही म्हणायची, आणि घरातल्या पोरीलाही घेऊ द्यायची नाही. आमच्याकडे पाहुण्याला चहा न देणं म्हणजे अपमान. तिनं सगळ्या गावाचा मंगळवारचा चहा बंद केला. "गोळीवाली म्हातारी आली," म्हणून पोरं ओरडायची. एका घरी सासूनं दारातच अडवलं. "मेलेलीचं नाव घेतं भरल्या घरात? अपशकुनी कुठली. निघ." भागीरथा पायरी उतरली आणि ओट्याखाली मातीत बसली. भाजी पायरीवर ठेवली. पुढच्या मंगळवारी पुन्हा. पाचव्या मंगळवारी ती सून स्वतःच बाहेर येऊन तिच्यासमोर गोळी गिळून गेली, सासू आत भांडी आपटत असताना. इंदुताईंना आधी राग यायचा, की ही कोण माझ्या कामात. मग त्याच तिला घरं सांगू लागल्या. सगळ्या निभल्या असं नाही सांगत. एकीचं बाळ पोटातच गेलं. भागीरथा त्या घरीही मंगळवारी गेली, रिकाम्या हातानं, आणि नुसती बसून आली.

तीन वर्षं तिनं हे केलं. गेल्या सालच्या आश्विनात, एका बुधवारी सकाळी, कपिलनं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला हाक मारली. "आई, अवं आई." उठली नाही म्हणून. मी भिंतीपलीकडून ऐकलं. तिनं ऐकलं का, कोण जाणे.

पण त्याच्या आदला दिवस मंगळवार होता.

माझ्या नातवाची बायको गौरी तेव्हा सातव्यात होती. रक्त दहावर आलं होतं. भागीरथाला आठ दिवस ताप होता, खोकला होता. मला वाटलं नव्हतं ती येईल. आमचं घर तिच्या लगतच, पण ती नेहमी आमच्याकडे सगळ्यात शेवटी यायची. त्या दिवशी वरच्या आळीतली चार घरं करून आली, भिंतीला हात लावत लावत. तिसऱ्या पायरीवर थांबली, दम घेतला आणि टेकली.

"भाजी थोडीच हाय आज," म्हणाली. "बरबटीचा पाला निबर झाला." एक पान तोंडात टाकलं, चावलं, गिळायला वेळ लागला. मग कापड सोडलं. आंबाडीचे कोवळे शेंडे होते, लालसर देठांचे, मूठभर.

गौरी गोळीची पट्टी घेऊन बाहेर आली. भागीरथानं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"चहा घेतला काय वं?"

गौरी ओशाळली. "आत्ताच घेतला, आजी."

"किती वेळ झाला?"

"आत्ताच. कप धुवाचाच हाय."

"मंग बसते मी," भागीरथा म्हणाली.

मी म्हटलं, "अवं, तुले ताप हाय. आत येऊन पड जराशी. नाईतर घरी जा. मी देते ना तिले गोळी, माही नातसून होय ती."

"तू गप बस," ती म्हणाली. "तू बाजारात हसली होती."

ती खांबाला पाठ लावून बसून राहिली. ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं. मधेच तिचा डोळा लागला आणि मला वाटलं आता हिला उठवू नये. गौरी दारात लिंबू हातात घेऊन उभी. घड्याळ मी पाहत नव्हते, तीच पाहत असावी मिटल्या डोळ्यांनी, कारण तासाच्या आसपास तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आण पाणी. लिंबू पीय."

गौरीनं लिंबू पिळलं. गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्याली.

"तोंड उघड. जीभ वर कर."

गौरीनं केली. भागीरथानं पुढं वाकून नीट पाहिलं, डावीकडे, उजवीकडे. मग कापड झटकलं, एक वाळलं पान पडलं ते उचलून अंगणात टाकलं, कापडाची घडी खांद्यावर घेतली.

"ह्या भाजीचं पाणी फेकू नको," गौरीला म्हणाली. "अन् पुढच्या मंगळवारी चहा गोळीच्या मागून, तासानं पे."

आणि भिंतीला हात लावत घरी गेली.